बिनगिअरची सायकल घेताना: आधी रस्ता, मग दात, मग बाकी सगळं

बिनगिअरची सायकल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि दुसरा रंगाचा. ज्या दोन आकड्यांवर तुमचे गुडघे आणि तुमचा उत्साह टिकणार असतो, ते मात्र सहसा कुणी काढत नाही. पॅडलजवळच्या पुढच्या दातेरी चकतीला दात किती आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला किती, एवढेच ते आकडे. गिअरची सायकल चुकीची निघाली तर गिअर बदलून निभावता येतं. इथे ती सोय नाही, म्हणून निवड आधी नीट करायची.

मी पुण्यात कोथरूडहून शिवाजीनगरला कामावर अशाच सायकलने जाते आणि सुट्टीच्या सकाळी तीच घेऊन खडकवासल्याकडे निघते. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सायकल घेताना मला सोबत नेलं आहे. त्यांना दुकानात उभ्या उभ्या जे सांगते, ते इथे एका जागी क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत. तुमचं गाव वेगळं असेल तर रस्त्यांची नावं तेवढी बदला.

१. ही सायकल तुमच्यासाठी आहे का, ते आधी ठरवा

बिनगिअरच्या सायकलला मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नाही, गिअरच्या वायरी नाहीत, हँडलवर खटके नाहीत. चेन पुढून मागे सरळ रेषेत धावते. चिखलात, पावसात बिघडणाऱ्या गोष्टीच कमी असतात आणि जे बिघडतं ते कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही दुरुस्त करू शकतो. चेन स्वस्त मिळते आणि जास्त टिकते. रोज वापरायच्या सायकलला याहून मोठा गुण नाही.

पण चढ, समोरचा वारा आणि पाठीवरचं ओझं यांना तोंड द्यायला तुमच्याकडे एकच गिअर असतो. रोजच्या वाटेवर लांब, सलग चढ असेल तर सरळ गिअरची सायकल घ्या. रत्नागिरीत खालच्या बाजारातून वरच्या भागात रोज जायचं असेल किंवा पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर ऑफिस असेल, तर मी ही सायकल सुचवणार नाही. नागपूर, सोलापूर किंवा पणजी ते मिरामारचा किनारी रस्ता अशा सपाट जागी मात्र हिच्याइतकी सुटसुटीत सायकल दुसरी नाही. पुणे या दोन्हींच्या मध्ये येतं, म्हणून इथे तुमचं घर आणि ऑफिस नेमकं कुठे आहे यावर सगळं ठरतं.

रोज एका बाजूने दहा-बारा किलोमीटरपर्यंत जायचं असेल तर ही सायकल आरामात पुरते. त्याहून जास्त अंतर जमत नाही असं नाही, पण मग दातांचं गणित अधिक काटेकोर लागतं.

२. रस्ता पाहा, तोही परतीचा

सायकल बघायला जाण्याआधी रोजच्या रस्त्यावरून एकदा चक्कर मारा. कुणाची तरी सायकल मागून घ्या, नाहीतर चालत जा. स्कूटरवरून चढ कळत नाहीत. तीन गोष्टी टिपून ठेवा: सगळ्यात तीव्र चढ कुठला, तो किती लांब आहे आणि त्याच्या पायथ्याशी सिग्नल आहे का.

तिसऱ्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. चढाआधी वेग पकडता आला तर अर्धा चढ त्या वेगावरच निघून जातो. पायथ्याशीच लाल दिवा लागत असेल तर तोच चढ शून्यातून सुरू करावा लागतो आणि त्याला हलका गिअर लागतो.

परतीचा रस्ता वेगळा मोजायला हवा. कोथरूडहून डेक्कनला येताना रस्ता हळूहळू उतरतो, त्यामुळे सकाळी सगळं सोपं वाटतं. संध्याकाळी दमलेल्या अंगाने तोच उतार चढायचा असतो, शिवाय जून-जुलैत पश्चिमेचा वारा समोरून येतो. सायकल संध्याकाळच्या हिशेबाने निवडा.

पुण्यातली थोडी उदाहरणं देते. मगरपट्टा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, सिंहगड रस्ता हे भाग बिनगिअरला सोपे आहेत. पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे किंवा गंगाधामकडून लुल्लानगर-कोंढव्याकडे रोज चढायचं असेल तर हलका गिअर लागेलच. कात्रज, दिवे आणि बोपदेव हे घाट आणि सिंहगडाची वरपर्यंतची चढण यांचा विचार या सायकलवर करू नका. तयारीचे लोक ते करतात, पण रोजच्या वापराची सायकल त्या हिशेबाने घेतली तर सपाटीवर पाय नुसते गरगर फिरत राहतात.

३. दात मोजा

आता मुख्य गोष्ट. पुढच्या चकतीच्या दातांना मागच्या दातांनी भागा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर उत्तर येतं २.४४. म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. हा आकडा जितका मोठा तितका सपाटीवर वेग जास्त, आणि चढावर, सुटताना पायावर भारही जास्त.

आकडे रस्त्यावर कसे जाणवतात ते बघा. ७०० मापाचं (७००-सी) चाक आणि ३२ मिलिमीटरचा टायर धरला तर चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर होतो. ४४/१८ ला पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वापाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ही निवांत चाल झाली, तिच्यात ताशी १९ किलोमीटर मिळतात. ८० फेरे मारले तर ताशी २५. शहरातल्या रहदारीत याहून जास्त वेग लागत नाही.

हाच हिशेब ४६/१६ ला करा. भागाकार २.८८ येतो आणि ६० फेऱ्यांना ताशी २२ किलोमीटर पडतात. कागदावर बरं दिसतं. पण प्रत्येक सिग्नलवरून सुटताना सुमारे १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो, आणि शहरात एका फेरीत किती सिग्नल लागतात ते तुम्हाला माहीत आहे. दिसायला देखण्या, सडपातळ सिंगल-स्पीड (म्हणजे बिनगिअरच्याच) सायकलींवर बहुधा असाच जड गिअर लावलेला असतो. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत एक चक्कर मारली की तो छान वाटतो. खरेदीतला हा सगळ्यात मोठा सापळा आहे.

माझा सल्ला असा:

वाटेत चढ-उतार असतील, वय चाळिशीच्या पुढे असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा कॅरिअरवर सामान नेणार असाल तर भागाकार २.१ ते २.३ च्या दरम्यान ठेवा. ४४/२० म्हणजे २.२, तो याच गटातला.

पुण्यासारख्या मिश्र शहरात नव्या माणसाला २.३ ते २.५ बरा. ४२/१८ आणि ४४/१८ दोन्ही इथे बसतात.

गाव पूर्ण सपाट असेल आणि पाय तयार असतील तर २.६ ते २.७५ पर्यंत जा. त्याच्या वर कामावर जाणाऱ्या माणसाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन पिढ्यान्‌पिढ्या जी काळी उभी सायकल वापरत आले, तिला साधारणपणे पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. ओझं घेऊन दिवसभर फिरणाऱ्या लोकांनी वापरून पक्का केलेला हा हिशेब आहे. काहीच सुचत नसेल तर त्याच्यापासून सुरुवात करा.

दुकानात दात कसे मोजायचे? कधी कधी चकतीवर ४४टी असं कोरलेलं असतं. नसेल तर एका दाताला खडूची खूण करा आणि पॅडल हळूहळू फिरवत मोजा. दुकानदार थोडा वेळ बघत राहील, बघू द्या.

४. फ्रीव्हील घ्या, फिक्स नको

फ्रीव्हील असेल तर पाय थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. फिक्स गिअरमध्ये मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहतं, पाय थांबवता येत नाहीत. काही सायकलींच्या मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) दोन्ही बाजूंनी आटे असतात, एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला फिक्स. चाक उलटं लावलं की प्रकार बदलतो. अशी सायकल घ्यायला हरकत नाही, पण चालवा फ्रीव्हीलवरच. रिक्षा अचानक आडवी येणाऱ्या, खड्डे चुकवत जायच्या रस्त्यावर पाय मोकळे राहिलेच पाहिजेत. आणि फिक्स असो वा नसो, पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक नसलेली सायकल घेऊ नका.

५. मागच्या चाकाची खाच

मागच्या चाकाचा एक्सल फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो ती वाकून बघा. खाच आडवी हवी, म्हणजे चाक पुढे-मागे सरकवता येईल. चेन वापरून सैल होत जाते आणि बिनगिअरच्या सायकलवर ती ताणायचा सरळ मार्ग एकच, चाक मागे ओढणे. खाच उभी असेल तर चेन ताणायला स्प्रिंगचा वेगळा टेन्शनर लावावा लागतो. गिअर काढून बिनगिअर केलेल्या जुन्या सायकलींवर तो हमखास दिसतो. चालतो, पण चिखल त्याच्यातच अडकतो आणि ज्या सुटसुटीतपणासाठी ही सायकल घ्यायची तोच जातो.

खाच मागच्या बाजूला उघडणारी असेल आणि लांब मडगार्ड लावलेलं असेल तर पंक्चरच्या वेळी चाक काढताना मडगार्ड आडवं येतं. पुढच्या बाजूला उघडणारी आडवी खाच रोजच्या वापराला जास्त सोयीची.

६. टायर: रुंदी, माप आणि व्हॉल्व्ह

इथे थोडं थांबू, कारण रोजचा त्रास किंवा सुख बरंचसं टायरवरच ठरतं.

रुंदी. २३ किंवा २५ मिलिमीटरचे बारीक टायर आपल्या रस्त्यांसाठी नाहीत. खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते, ट्यूब मध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. ३२ ते ३८ मिलिमीटर ही कामाची रुंदी आहे. सध्या बारीक टायर असेल आणि पुढे बदलायचा विचार असेल तर फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) आणि ब्रेक यांच्यामध्ये जागा किती उरते ते आत्ताच बघा. टायर आणि चिमटा यांच्यात करंगळी जात नसेल तर तिथे ना जाड टायर बसेल ना मडगार्ड.

माप. ‘२६ इंची’ आणि ‘२८ इंची’ हे शब्द फसवे आहेत. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये ५५९ आणि ५९० मिलिमीटर व्यासाच्या दोन वेगळ्या जाती आहेत. २८ इंचीतही जुन्या काळ्या सायकलीचं ६३५ आणि ७००-सीचं ६२२ हे वेगळे. एकीचा टायर दुसरीच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला ३७-६२२ असा आकडा कोरलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि टायर-ट्यूब घेताना तोच दाखवा. ६३५ चे टायर गावोगावी, अगदी आठवडी बाजारातही मिळतात, पण त्यांत निवड कमी असते. ६२२ मध्ये निवड भरपूर, पण लहान गावात हाताशी मिळतीलच असं नाही. तुम्ही कुठे राहता त्यावर ठरवा.

व्हॉल्व्ह. हा बारकावा रस्त्यात अडकल्यावरच लक्षात येतो. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. जुन्या सायकलींचा, ज्याच्या आत रबराची छोटी नळी असते. मोटारसायकलसारखा जाड. आणि परदेशी धाटणीचा बारीक, ज्याचं टोक आधी फिरवून सैल करावं लागतं. पहिल्या दोघांत कुठलाही पंक्चरवाला हवा मारून देतो. तिसऱ्याला त्याच्या पंपाचं तोंड बसत नाही. तुमच्या सायकलला तिसरा असेल तर त्याच्यावर चढवायचं पितळी अ‍ॅडॅप्टर विकत घ्या आणि व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा. शेंगदाण्याएवढी वस्तू आहे, पिशवीत ठेवली की हरवते. अशा रिमचं भोकही बारीक असतं, त्यामुळे जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्यात घालता येत नाही. सुटी ट्यूब सांगताना व्हॉल्व्हचा प्रकारही सांगा.

हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, त्याच्या थोडं खालीच ठेवा. दर आठवड्याला एकदा तपासा. कमी हवेत चालवलं की पंक्चर वाढतात आणि सायकल उगाच जड लागते. सायकल जड झाली अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी हवा बघायला सांगते.

७. ब्रेक आणि रिम, पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून

चकचकीत लोखंडी रिम आणि रबराचा ब्रेक ही जोडी कोरड्या दिवसांत ठीक चालते. पावसात ओल्या लोखंडी रिमवरून रबर घसरतं आणि सायकल भलतीच पुढे जाऊन थांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर हे बरंच कमी होतं. पैसे एकाच ठिकाणी जास्त घालता येणार असतील तर अ‍ॅल्युमिनियम रिमची सायकल घ्या. कुठली ते ओळखायला लोहचुंबक लावून बघा, लोखंडाला चिकटेल.

कॅलिपर ब्रेक (टायरच्या वर एकाच बोल्टवर बसणारा) साधा आणि हलका असतो, पण बहुतेक कॅलिपरखाली जाड टायर बसत नाही. व्ही-ब्रेकला (चाकाच्या दोन बाजूंना दोन उभे हात असलेल्या) जागाही जास्त आणि पकडही चांगली. काळ्या सायकलीचा दांडीचा (वायरऐवजी लोखंडी दांडीने ओढला जाणारा) ब्रेक वर्षानुवर्षं टिकतो, मात्र पावसात त्याच्यावर भरवसा ठेवू नका, वेग आधीच कमी करा. डिस्क ब्रेक पावसात उत्तम. पण खूप स्वस्त सायकलीवरची डिस्क बहुधा दिखाव्यापुरती असते आणि तिची जुळवणी सगळ्यांना जमत नाही, म्हणून कमी बजेटमध्ये मी व्ही-ब्रेकच घ्यायला सांगते.

ब्रेकचा खटका पूर्ण दाबून बघा. तो हँडलच्या मुठीला टेकता कामा नये. खटका प्लास्टिकचा असेल तर धातूचा बसवून घ्या, खर्च फार नाही.

८. माप: दांड्याच्या वर दोन बोटं

फ्रेमचं माप इंचात सांगतात, १८, २०, २२, २४. तुमचं माप घरीच काढता येतं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.६६ ने गुणलं की फ्रेमचं साधारण माप सेंटिमीटरमध्ये मिळतं. ७८ सेंटिमीटर आले तर गुणाकार साडेएक्कावन्न, म्हणजे २० इंची फ्रेम.

दुकानात फ्रेमचा वरचा दांडा दोन पायांत घेऊन, उभं राहून खात्री करा. दांडा आणि अंग यांत दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर हवं. ‘सीट खाली करून देतो, चालेल’ हे उत्तर मान्य करू नका. सीट खाली होते, दांडा होत नाही, आणि अचानक उतरावं लागलं की त्याची जाणीव होते.

सीटची उंची ठरवताना टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच योग्य. बिनगिअरच्या सायकलवर गुडघ्याला आधीच जास्त काम असतं, त्यामुळे खाली घातलेली सीट फार त्रास देते.

एक गोष्ट खास करून बायकांसाठी, पण पुरुषांनाही लागू आहे. ‘लेडीज सायकल’ म्हणून जी खाली दांड्याची फ्रेम मिळते ती रोजच्या वापराला कमकुवत पडते हा समज चुकीचा आहे. साडी किंवा कुर्ता घालून चालवायची असेल, कॅरिअरवर भाजी किंवा मूल असेल आणि मागून पाय टाकता येत नसेल, तर तीच फ्रेम सगळ्यात व्यवहारी. हँडल सरळ किंवा मागे वळलेलं घ्या. शर्यतीच्या खाली वाकलेल्या हँडलवर रहदारीत मान वर करून बघावं लागतं.

९. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड

या तीन गोष्टी नसतील तर ती कामावर न्यायची सायकल नाही. मडगार्डशिवाय जूनमध्ये पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जावं लागतं. सडपातळ सायकली या तिन्हींशिवाय येतात. चालेल, पण फ्रेमला मागच्या एक्सलजवळ ते बसवायला आट्याची छोटी भोकं आहेत का बघा. भोकं नसतील तर पट्ट्या बांधून जुगाड करावा लागतो आणि तो खड्ड्यांमध्ये वाजत राहतो.

डबा आणि लॅपटॉप पाठीवर न घेता कॅरिअरला लावलेल्या पिशवीत ठेवा. चढावर उभं राहून पॅडल मारताना पाठीवरची सॅक डावी-उजवीकडे झोके घेते आणि तोल घालवते.

१०. नवी की जुनी?

काळ्या सायकली आणि त्यांच्या जातीच्या साध्या सायकली जुन्या घ्यायला फार चांगल्या, कारण त्यांचे सुटे भाग एकमेकींना चालतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी अ‍ॅटलसची जुनी सायकल असलेल्याचं काही अडत नाही. फ्रीव्हील, चेन, कोन, छर्रे, कोटर पिन सगळं कुठल्याही जुन्या सायकल दुकानात मिळतं. पुण्यात नाना पेठ, रास्ता पेठ भागातली जुनी दुकानं यासाठी उपयोगी पडतात.

जुनी घेताना पाच ठिकाणी हात लावा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा, चाक डोलत असेल तर आउट आहे. थोडं आउट काढून मिळतं, रिम चेपलेली असेल तर नाही. क्रँक (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो हात) धरून आत-बाहेर हलवा, खडखड आली तर बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो फ्रेममधला भाग) उघडावं लागेल. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलच्या मुळाशी ठकठक झाली तर तिथले छर्रे किंवा वाट्या गेल्या. चेन चकतीच्या पुढच्या टोकाला धरून ओढा, दात अर्धे उघडे पडत असतील तर चेन संपली आहे. सगळ्यात शेवटी, दांड्याच्या आणि खालच्या नळीच्या सांध्यावर, हँडलच्या मागे बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा भेग असेल तर ती सायकल कुठे तरी जोरात धडकलेली आहे. बाकी सगळं दुरुस्त होतं, ही फ्रेम घेऊ नका.

बिल नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी नको. निदान विकणाऱ्याच्या सहीची, फ्रेम नंबर लिहिलेली पावती घ्या.

११. खरेदीच्या दिवशी

कागद थोडेच लागतात, पण ते सांभाळा:

- बिल, त्यावर फ्रेम नंबर लिहून घेतलेला. नंबर बहुधा क्रँकच्या खाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो.
- वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह.
- फ्रेम नंबरचा आणि पूर्ण सायकलचा फोटो. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर हेच लागतं.

ऑनलाइन मागवली तर सायकल अर्धवट जोडलेली येते. पॅडल बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडलच्या दांडीवर एल आणि आर कोरलेलं असतं. जोर करून चुकीच्या बाजूला बसवलं तर क्रँकचे आटे कायमचे जातात. पॅडल आधी हाताने दोन-तीन फेरे सहज फिरलं पाहिजे, मगच पाना लावा. स्वतः जमणार नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन जोडून घ्या.

दुकानातून निघण्याआधी मागे उभं राहून चेनकडे बघा. पुढची चकती आणि मागचं फ्रीव्हील एका रेषेत दिसले पाहिजेत. चेन मधोमध बोटाने वर-खाली करा, साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. हे पॅडलचा पूर्ण फेरा मारत तपासा, कारण चकती अगदी गोल नसते. एका जागी चेन ताणलेली, दुसऱ्या जागी सैल असते. सगळ्यात ताणलेल्या जागी तो एक सेंटिमीटर हवा.

१२. घरी काय ठेवावं

मागच्या नटाचा पाना (बहुधा १५ नंबर, पण आपला मोजून घ्या), ४-५-६ नंबरच्या अ‍ॅलन की, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचलायच्या पट्ट्या), पंक्चरचं सामान, एक सुटी ट्यूब, हातपंप, चेनचं तेल. मागच्या नटाचा पाना कायम सायकलसोबत असू द्या. चढावर जोर लावताना चेन चाकाची उजवी बाजू पुढे खेचते. नट जरा सैल असला की चाक तिरकं होऊन फ्रेमला घासतं. पाना असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर चालत जावं लागतं.

कुलूप जाड यू आकाराचं घ्या आणि ते फ्रेम व मागच्या चाकातून खांबाला अडकवा. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावा. रात्री निघणार नसलात तरी पावसाळ्यातली संध्याकाळ लवकर अंधारते. घंटी हवीच.

१३. पहिला महिना

नव्या सायकलीच्या ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात, क्रँकचे बोल्ट आणि आरे थोडे सैल होतात. त्यामुळे महिनाभरात एकदा दुकानात नेऊन सगळं आवळून घ्या. बहुतेक दुकानं पहिली सर्व्हिस फुकट करून देतात. चेनला तेल घालताना एक-एक कडीवर थेंब टाका, पॅडल फिरवा आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरून ठेवतं. पावसात भिजली की घरी आल्यावर चेन पुसा आणि दुसऱ्या दिवशी तेल घाला.

सुट्टीच्या दिवशी लांब जायची घाई करू नका. पहिल्या महिन्यात पाषाण तलाव किंवा सिंहगड रस्त्याने खडकवासला धरणापर्यंत जाऊन या. धरणापाशी रस्ता थोडा चढतो. तेवढ्यात तुमच्या गिअरची परीक्षा होते आणि दमलात तरी परतीचा रस्ता सोपा आहे. सकाळी सातच्या आत निघा, नंतर त्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी होते.

महिनाभरानंतरही एकाच चढावर रोज उतरावं लागत असेल किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सायकल बदलू नका, मागचं फ्रीव्हील बदला. १८ च्या जागी २० दातांचं बसवलं की गिअर दहा टक्क्यांनी हलका होतो आणि तेवढा फरक पायाला स्पष्ट कळतो. दोन दात वाढले की चाक खाचेत साधारण ६ मिलिमीटर पुढे सरकतं, म्हणून खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघा. नसेल तर चेनला कडी वाढवावी लागेल. चाक सरकल्यावर ब्रेकचं रबर रिमवर नीट बसतंय ना, टायरला घासत नाही ना, हे तपासून घ्या. फ्रीव्हील काढायचा पुलर त्याच्या खाचांच्या नेमक्या मापाचा लागतो. छिन्नी-हातोडीने काढू देऊ नका, हबचे आटे खराब होतात. मेकॅनिककडे बरोबर पुलर असेल तर सगळं काम अर्ध्या तासात होतं.